आईच्या कपाळाचं आईवर सोड, सातबाऱ्याचं मात्र तू बघ

पत्र चार पानी आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणारी मुलगी 29 वर्षांची, नोकरी पुण्यात, घर सांगली जिल्ह्यातल्या एका गावात. वडील मागच्या श्रावणात अचानक गेले, हार्ट अटॅक. त्या दिवशी आत्या आणि दोघी चुलत्यांनी आईला धरून बसवलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, डोरलं काढलं, जोडवी काढली. आई एक शब्द बोलली नाही आणि ही दारात उभी राहून बघत होती, त्याचा राग तिला अजून आहे, बायकांवर कमी आणि स्वतःवर जास्त. आता वैशाखात भावाचं लग्न ठरलंय. हिने पुण्यातून आईसाठी छोटं मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या आणि टिकल्यांची पाकिटं नेली आणि सांगितलं की दादाच्या लग्नात तू हे सगळं घालून वरमाय म्हणून मिरवायचंस, हळदीला पहिला हात तुझाच. आई म्हणाली, नको बाई. तीन वेळा म्हणाली. चौथ्या वेळी भांडण झालं आणि आई म्हणाली, "तुला तुझं मत माझ्या कपाळावर लिहायचंय का?" तेव्हापासून अकरा दिवस फोनवर फक्त "जेवलीस का" आणि "हो". मुलगी विचारतेय, "ताई, मी चुकतेय का? आणि आईला यातून बाहेर काढायचं तरी कसं?"

अगं, तुझ्या आईचं ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी मोठ्याने हसले. तुला राग येईल, पण इतकं नेमकं बोलणाऱ्या बाईला कुठूनतरी बाहेर काढायची गरज आहे असं मला काही वाटेना. तिला रस्ता दिसतोय बहुतेक, फक्त तो तू आखलेला नाहीये.

पण आधी त्या दिवसाचं बोलू. त्या दिवशी जे झालं ते वाईटच झालं, त्यात पण-बिण काही नाही. नवरा जाऊन चार तास झालेत, बाई अजून शुद्धीवर नाही आणि तिचे हात धरून काचा फोडायच्या, ही क्रूर रीत आहे आणि त्या करणाऱ्या तिघींनाही कुणीतरी हे सांगायला हवं (सांगताना लक्षात ठेव, आत्याचे यजमान पण पाचेक वर्षांपूर्वी गेले असं तूच लिहिलंयस, म्हणजे हे सगळं तिच्या हातांवरही झालेलं आहे). तू दारात उभी राहिलीस याबद्दल स्वतःला किती दिवस फटके मारणार? तुझा बाप गेला होता. त्या वेळी कुणाला भाषण सुचतं?

नातेवाईक म्हणतात "आपल्यात असंच असतं", तर त्यांना सांग की आपल्यात म्हणजे नक्की कुठे. हेरवाड गाव तुमच्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, विधवा म्हणून कार्यात मागे ठेवणं हे आमच्या गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष होतं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. आणि शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला तो 1917 चा. म्हणजे हे काही पुण्याच्या आयटी कंपनीतून आलेलं खूळ नव्हे, पंचगंगेच्या काठावरचंच आहे. अर्थात ठराव कागदावर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका हळदीकुंकवाला निघतात असंही नसतं, आणि ठराव मोडला म्हणून कुणी जेलमध्येही जात नाही. पण एवढं नक्की होतं की ज्या बाईला नको असेल तिला म्हणायला काहीतरी मिळतं, "गावाचा ठराव आहे, हात लावू नका." त्या दिवशी तुझ्या आईला तेवढंच हवं होतं. कुणीतरी मधे उभं राहायला.

मधे उभं राहणं आणि पुढे ढकलणं यात फरक आहे, आणि तुझं गाडं तिथेच अडलंय.

मी माझं सांगते, कारण मी हीच चूक केलीय, तुझ्यापेक्षा मोठी. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं माझ्याकडे, वीसेक बायका, हॉलमध्ये सतरंजी, मधे वाणाचे प्लास्टिकचे डबे रचलेले (तेव्हा डब्यांची फार हौस). माझी मावशी आतल्या खोलीत बसली होती, काका जाऊन दोन वर्षं झालेली. मी तेव्हा नवीन नवीन पुरोगामी, अंगात वारं भरलेलं, मी तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मला काय वाटलं असेल तुला कळेल. मावशी हसली, तिळगूळ घेतला, डबा घेतला, मग बाथरूममध्ये गेली आणि नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा कपाळ लाल होतं, कुंकवाने नाही, घासून घासून. त्यानंतर माझ्याकडे हळदीकुंकवालाच काय, साध्या जेवणालाही ती सहा-सात वर्षं आली नाही. पुढे कधीतरी म्हणाली, "तू मला विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हणाले असते गं, पण तू वीस बायकांना दाखवायला लावलंस." आता सांग, तिच्या बांगड्या फोडणाऱ्यांनी तिला विचारलं नव्हतं आणि कुंकू लावणारीनेही विचारलं नव्हतं, हात तेवढे बदलले.

आणि मग माझीच वेळ आली, 47 व्या वर्षी. मी टिकली ठेवली, कारण टिकली मी पाचवीत असल्यापासून लावत होते, त्याचा नवऱ्याशी काही संबंधच नव्हता. मंगळसूत्र काढून ठेवलं, कारण रात्री कूस बदलताना ते हाताला लागायचं आणि मला जाग यायची, मग सकाळपर्यंत छताकडे बघत पडायचं. एवढंच कारण, त्यात तत्त्व-बित्त्व काही नाही. पण बोलणी मात्र दोन्हीकडून खाल्ली. नणंद म्हणाली, टिकली कुणासाठी आता. आणि आमच्या महिला मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, तू पण शेवटी शरण गेलीस, मंगळसूत्र काढलंस. मला वाटलं, बायांनो, माझ्या गळ्यात काय आहे यावर तुम्ही दोघी एकदा आपसात मीटिंग घ्या आणि निकाल मला कळवा.

तेव्हा आई "नको" म्हणाली तर ते नको नक्की कुठलं, हे बघावं लागतं. एक नको असतं मला खरंच नको, बघितलं की त्रास होतो. एक असतं मला हवंय पण लोक काय म्हणतील. एक असतं तुझ्या बाबांशिवाय हे सगळं मला खोटं वाटतं. आणि एक नुसतं असतं की आत्ता नको, दमलेय मी. बाहेरून चारही सारखीच ऐकू येतात, "नको बाई". आणि तू चारही वेळा एकच उत्तर दिलंस, की बांगड्यांचा डबा पुढे केलास.

खरं म्हणजे उत्तर तुझ्या पत्रातच आहे, तू लिहिता लिहिता दोन गोष्टी सांगून गेलीयेस आणि तुझं त्यांच्याकडे लक्षच नाही. पहिली, आई अजून बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणते, बाबांच्या फोटोला घालते, आणि संध्याकाळी तो सुकलेला गजरा फेकून न देता आपल्या उशीजवळ ठेवते. दुसरी, लग्नपत्रिकेचा नमुना काकांनी व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा आईने तुझ्या हातातून मोबाईल घेतला, दोन बोटांनी आपलं नाव मोठं केलं, बराच वेळ बघितलं, मोबाईल परत दिला आणि तांदूळ निवडायला बसली. त्या नावाच्या आधी छापलंय "गं. भा."

मंगळसूत्राचं तिला काय वाटतं मला माहीत नाही. पण गजरा तिला आवडतो आणि ते "गं. भा." तिला खुपलंय, असं मला तरी दिसतंय. तू मंगळसूत्र घेऊन भांडत बसलीस आणि जिथे तिला खरंच कुणीतरी हवं होतं तिथे गप्प राहिलीस. (हे "गं. भा." म्हणजे गंगा भागीरथी. 2023 च्या एप्रिलमध्ये आपल्या मंत्रीमहोदयांनी विधवा शब्दाऐवजी हे वापरावं का असा प्रस्ताव पुढे आणला होता, त्यावर एवढी ओरड झाली की नुसता चर्चेसाठी होता असं सांगावं लागलं. बाईला नदी केलं की तिला कुणी हळदीला बोलवावं लागत नाही, नुसतं लांबून नमस्कार केला की झालं, सोयीचं आहे.) वडिलांच्या नावामागे "कै." लागलंच आहे ना, मग बघणाऱ्याला कळायचं ते कळतं, आईच्या कपाळावर दुसरा शिक्का कशाला. "श्रीमती" लिहा, नाहीतर नुसतं नाव लिहा, कुणाची पत्रिका परत येत नाही त्यासाठी.

हे झालं कपाळाचं. आता मला तुझ्याशी जरा भांडायचंय.

तिसऱ्या पानाच्या शेवटी तू एक ओळ लिहिलीयेस, मी जशीच्या तशी देते: "बाकी शेताचं काका बघतायत, आई आणि मी दादाच्या नावे हक्कसोड करून देणार आहोत लग्नाआधी, म्हणजे त्याला सोसायटीचं कर्ज काढायला सोपं." हक्कसोड म्हणजे जमिनीतला आपला वाटा त्याच्या नावे सोडून देणं. आणि पुढच्या ओळीला परत मंगळसूत्र. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चार पानांत साडेतीन पानं कपाळावर आणि शेतावर दीड ओळ! आणि विचारतेस, मी चुकतेय का. हो, इथे चुकतेयस.

अगं, बांगड्या फोडल्या तर नव्या भरता येतात, पंचवीस-तीस रुपयाला डझन मिळत होत्या परवापर्यंत, आता काय भाव आहे देव जाणे. रजिस्टर हक्कसोडपत्रावर एकदा सही झाली की ती अशी उद्या सकाळी मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही, मग कोर्टात जाऊन फसवणूक झाली, दबाव होता हे सिद्ध करत बसायचं, आणि ते स्वतःच्या मुलाच्या विरोधात कोण आई करणारे? घरातल्या घरात हक्कसोड करायला खर्चही फारसा येत नाही, म्हणून तर ते एवढं पटकन होतं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दुपारी जायचं, अंगठा, फोटो, येताना वडापाव.

थोडं मागचं सांगते, कंटाळू नकोस, हे तुझ्या भांडणाच्या अगदी मुळाशी आहे. 1856 साली इंग्रजांनी विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, शाळेत शिकलोय सगळे. त्याच कायद्यात दुसरंही कलम होतं जे शाळेत कुणी शिकवत नाही. दुसरं लग्न केलंस तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. म्हणजे कुंकू पाहिजे तर शेत सोड. मग 1937 ला कायदा झाला, नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला वाटा मिळाला पण मर्यादित, जिवंत आहेस तोवर वापर, विकायचं-द्यायचं नाव काढू नको. आणि 1956 चा हिंदू वारसा कायदा आला तेव्हा कुठे बाई आपल्या वाट्याची पूर्ण मालक झाली. मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, बायको आणि मयताची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस. म्हणजे तुझी आई आहे, दादा आहे, तू आहेस आणि तुझी आजीही आहे, जी पत्रात एकदाच येते, "आजीला आता कमी ऐकू येतं" म्हणून. ऐकू कमी येतं, वाटा कमी होत नाही. वडिलांचं स्वतःचं किती आणि वडिलोपार्जित किती यावर नेमका हिशोब बदलेल, तो तालुक्याच्या चांगल्या वकिलाकडून कागदावर काढून घ्या, काकांच्या ओळखीचा नको, तुमच्या ओळखीचा.

इतकं सगळं व्हायला शंभर वर्षं लागली आणि तू ते लग्नाच्या याद्या करता करता देऊन टाकतेयस, मंगळसूत्राचा डबा काखेत घेऊन. त्या दिवशी आईच्या अंगावरून जे जे उतरवलं ते तुला दिसलं कारण ते दिसतंच, काच फुटल्याचा आवाज होतो. सातबाऱ्यावरचं नाव उतरतं तेव्हा आवाज होत नाही. जोडवी काढायला तिघी बायका धावत आल्या होत्या ना, वारसनोंद झाली का विचारायला एक तरी आली का बघ आठवून.

आणि हो, वारसनोंद झालीय का? तू कुठेच लिहिलं नाहीस. खरं तर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), तुम्हाला आठ महिने होत आले. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, घाबरू नको, पण आता लांबवू नका. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ, एवढं घेऊन अर्ज करायचा, ऑनलाईन ई-हक्कवरूनही होतो. मग नोटीस निघते, फेरफार (म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद) होतो, मंडळ अधिकारी मंजूर करतात. तो फेरफार आला की त्यात आईचं नाव आहे का ते स्वतः वाच, "इतर हक्कात" कुठेतरी कोपऱ्यात ढकललंय की सरळ कब्जेदार म्हणून आहे ते बघ, कारण कोपऱ्यात ढकलायची सवय महसूल खात्यालाही लागते कधीकधी.

दादाच्या कर्जाचं म्हणशील तर सामाईक खात्यावर, बाकीच्यांच्या संमतीने काय होतं ते आधी सोसायटीच्या सचिवाला जाऊन विचारा. बहुतेक वेळा हक्कसोड हा कर्जाचा मार्ग नसतो, कर्ज हा हक्कसोडाचा बहाणा असतो. मी तुझ्या दादाला वाईट म्हणत नाहीये, चांगला मुलगा दिसतोय, आईला डबा नेऊन देतो शेतात असं तूच लिहिलंयस. पण चांगल्या मुलाचंही उद्या लग्न होणार, लेकरं होणार, धंद्यात कधी खोट येणार, आणि त्या वेळी आई घरात पाहुणी म्हणून राहते की मालकीण म्हणून, याचा निकाल तिच्या कपाळावरून लागत नसतो. तुझ्या वाट्याचं तू काय करायचं ते तुझं तू ठरव, दादाला द्यायचं असेल तर खुशाल दे, मोठी झालीस. आईला मात्र, "मी पण सोडतेय आई, तू पण सोड" असं म्हणू नकोस. तिला कुणी विचारलंच नाहीये अजून, मला खात्री आहे. बांगड्यांच्या वेळी नाही, मंगळसूत्राच्या वेळी नाही, आणि शेताच्या वेळी तर नाहीच.

आता लग्नाचं, कारण दिवस कमी आहेत आणि तुझं डोकं तिथेच आहे.

गंमत बघ, वर्षाच्या आत लग्न उरका नाहीतर तीन वर्षं थांबा म्हणून तुमच्याकडे सगळे वैशाखाला तयार झाले. सुतकी घरात सनई वाजवायची तर त्याला शास्त्रात वाट सापडली, लगेच सापडली. मग वरमायेने हळद लावायला वाट सापडणार नाही असं कसं? सापडते, फक्त शोधणाऱ्याची इच्छा लागते. देवकाला जोडपं बसतं, तिथे काका-काकू बसू देत, त्यावर लढू नकोस, तिथे आईला एकटं बसवून तिला वडिलांची आठवण देण्यात काही मोठं क्रांतीचं काम नाहीये. पण हळद, औक्षण, सूनमुख यांना नवरा जिवंत असल्याचा दाखला लागत नाही. हळद ही हळद आहे, सांगलीची तर आहे, तुमच्या बाजारात पोत्याने मिळते. मुलाला औक्षण करायला ज्या बाईने त्याला जन्म दिला ती नको आणि जिचं लग्न मागच्या महिन्यात झालं ती चालते, हे कुठलं गणित?

पण यातलं काय करायचं ते तिला विचारायचं, आणि विचारायची एक पद्धत असते. सगळ्यांसमोर नाही, जेवायच्या ताटावर नाही, फोनवर तर मुळीच नाही. तुझी आई तांदूळ निवडते ना, तू जाऊन समोर बस, ताटाची दुसरी बाजू ओढ आणि निवडायला लाग, डोळ्यात डोळे घालायची गरज पडत नाही अशा कामात. आधी म्हण, मंगळसूत्राचं माझं चुकलं. पुढे काही जोडू नकोस, "पण" तर अजिबात नको, दहा मिनिटं गप्प खडे काढ. मग विचार, पत्रिकेवर तुझं नाव कसं हवंय? मंगळसूत्र हवंय का नको असं विचारू नकोस, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं आणि नाही तिने आधीच दिलंय. नाव कसं हवं, साडी कुठल्या रंगाची, औक्षणाचं ताट तू धरणार की आत्याबरोबर मिळून, असं विचार. ती म्हणेल "तुम्ही ठरवा", पहिल्यांदा म्हणेलच, 30 वर्षं तेच म्हणत आलीय. तर म्हण, नाही, तू सांगशील तेच छापायचं, मी थांबते. आणि खरंच थांब. तू पुण्याची, तुला थांबायची सवय नाही, चार वेळा विचारणं तुला चिकाटी वाटते आणि तिला ते दार वाजवणं वाटतं.

ती म्हणाली मी हळदीला मागेच बसते, तर मागे बसू दे, आणि तू पण तिच्याशेजारी मागे बस, करवलीचा मान राहिला बाजूला. आणि ती म्हणाली हात लावते, तर तेव्हा तू पुढे उभी राहा आणि ज्या कुणी काकूने तोंड वाकडं केलं तिला बघून घे, तिथे तुझा सगळा राग वापर, भरपूर साठलाय तो. श्रावणात राहिलेलं मधे उभं राहणं ते हे.

होणाऱ्या वहिनीशीही एकदा बोल. तिला सरळ विचार, तुला सूनमुख कुणी बघावं असं वाटतं. ती मुलगी "आईंनीच" म्हणाली तर अर्धं काम झालं, कारण घरातल्या लेकीचं ऐकत नाहीत ते नव्या सुनेचं निदान लग्नाच्या दिवशी तरी ऐकतात. आणि आत्याला हळदीला आईच्या शेजारी बसव, एकटीला पुढे काढलं की सगळे बघतात, दोघी असल्या की गप्पा मारत बसल्यासारखं होतं. मावशीच्या वेळी मला एवढं सुचलं असतं तर.

त्या मंगळसूत्राचं काय करू, असं तू ताजा कलममध्ये विचारलंयस, सोनार परत घेत नाही म्हणे. ठेव कपाटात. तिला माहीत आहे कुठे आहे ते, एवढं बास. टिकल्यांची पाकिटं बाथरूमच्या आरशापाशी ठेवून ये, काही न बोलता, तू स्वतः लावतेस ना. आणि गजरा एकाऐवजी दोन आण.

पत्रिका छापायला गुरुवारी जाणार असं लिहिलंयस, म्हणजे शनिवार-रविवारी घरी जाऊन ये, तांदूळ निवडून ये. आणि ते हक्कसोडाचं कच्चं टाईप करून आणलंय ना काकांनी, त्याचा फोटो काढून आधी वकिलाला दाखव, तोपर्यंत आईची सही होऊ देऊ नकोस. आजीचीही नाही, तिला कमी ऐकू येतं म्हणून कानात ओरडून अंगठा घेतील.